टोक घासलेला दांडा

पाइपच्या कारखान्याच्या मेंटेनन्स मॅनेजरने माझ्या वायरमनला फसवलं. त्यासाठी त्याने माझी सही वापरली, म्हणजे मलाही फसवलं. मी घासाघीस करून पोट भरणारा माणूस आहे. दरात कुणी फसवलं तर मी दोन शिव्या हासडतो आणि पुढच्या सौद्यात वसूल करतो. हे तसलं प्रकरण नाही. यात एका माणसाचा उजवा हात कामातून गेला, आणि वर त्याच्याच माथी लिहिलं गेलं की तो त्याने स्वतःच्या चुकीने जाळून घेतला.

मी कंट्रोल पॅनेल बनवतो. कारखान्यात भिंतीला लागून उंच लोखंडी कपाटं उभी असतात, सगळ्या मोटारींची वीज त्यांच्यातून जाते, ती पॅनेलं. आत काय भरलंय ते बाहेरच्या माणसाला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. पण पुढचं समजायचं तर एक गोष्ट कळायला हवी. कपाटाच्या दारावर एक मोठं हँडल असतं. आत, कपाटाच्या पाठीला, मेन स्विच असतो. या दोघांना जोडणारा एक चौकोनी लोखंडी दांडा असतो, पेन्सिलीपेक्षा थोडा जाड. हँडल उभं म्हणजे चालू, आडवं म्हणजे बंद. हँडल उभं असेपर्यंत दार उघडत नाही, खाच अडकलेली असते. ते आडवं करा, दांडा फिरतो, स्विच बंद होतो, मगच दार सुटतं. आडव्या हँडलला एक भोक असतं. त्यात आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकायची, म्हणजे आपण आत हात घालून उभे असताना कुणी शहाणा येऊन हँडल फिरवणार नाही. कुणी याला इंटरलॉक म्हणतं, आमच्या शेडमध्ये आम्ही दाराचं लॉक म्हणतो. सगळ्या पॅनेलमध्ये एवढी एकच वस्तू मोटारीसाठी नसून माणसासाठी असते. त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्यात आधी तिच्यावरच घासाघीस करतं.

वायरमन आणि मी एकाच ठिकाणी शिकलो. माझे वडील नांदेडकडून काचीगुड्याला आले ते एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात शिपाई म्हणून. मी दहावीत आपटलो आणि त्यांनी मला ओळखीच्या एका पॅनेलवाल्याकडे नेऊन सोडलं. तो तिथे आधीपासून होता, बिदरकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वायर सोलायला, टोकाला लग, म्हणजे तांब्याची टोपी, दाबायला, पक्कड कशी धरायची ते त्याने शिकवलं. शिकवताना तो रागावत नसे. राग माझ्याकडे होता, आणि बोलणंही. म्हणून पुढे शेड माझी झाली आणि तो माझ्याकडे कामाला आला. सगळ्यांसमोर तो मला "सेठ" म्हणायचा, त्यात अर्धी चेष्टा असायची. दोघंच असलो की "तू". त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो.

त्याला एक सवय होती. हँडल बंद केलं, दार उघडलं तरी तो खिशातून टेस्टर काढायचा आणि तिन्ही फेजना एकेक करून लावायचा. दिवा लागत नाही याची खात्री झाली की मगच हात घालायचा. वीस सेकंदांचं काम.

एकदा एक मोठं गिऱ्हाईक तयार पॅनेल बघायला शेडवर आलं. चाचणीसाठी पॅनेलला वीज जोडलेली होती. मी हँडल फिरवून दार उघडलं, स्विच दाखवला, लॉक दाखवलं. माझं बोलणं रंगात आलं होतं. आणि हा पुढे आला आणि टेस्टर लावायला लागला. गिऱ्हाईक हसलं. "क्या सेठ, अपनेच स्विच पे भरोसा नै क्या?"

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकासमोर मी त्याला बोललो. "माझ्या पॅनेलचं हँडल बंद म्हणजे बंद. तुला विश्वास नसेल तर दुसरीकडे जा कामाला." मग टेस्टर त्याच्या हातातून काढून टेबलावर टाकला आणि माझा पंजा सरळ तांब्याच्या पट्ट्यांवर ठेवला. "देखो साब. ये है भरोसा."

ऑर्डर मिळाली. तेव्हापासून माझी ती रीतच झाली. गिऱ्हाईक आलं की हँडल आडवं, दार उघडं, पंजा पट्टीवर. एवढं बघितलं की लोक दर पाडायला जरा लाजतात. माझ्या शेडमधल्या सगळ्यांना ते पाठ झालं: दुसऱ्याच्या पॅनेलवर टेस्टर लावायचा, सेठच्या पॅनेलवर नाही. वायरमन टेस्टर खिशाऐवजी पिशवीत ठेवायला लागला.

पाइपच्या कारखान्याची ऑर्डर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. शहराबाहेर, आउटर रिंग रोडच्या पलीकडे, प्लास्टिकचे पाइप काढणारा कारखाना. मॅनेजर माझ्याच वयाचा, तेलुगू माणूस, बोलायला मधासारखा. त्याने मला चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा थोडं थोडं पाडलं. हे मला आवडतं, खोटं कशाला सांगू. समोर तोलामोलाचा माणूस असला की घासाघिशीत मजा येते.

चौथ्या वेळी त्याने यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ये रिसेट के बटन कैकू? बारा बारा बटन दरवाजे पे? फालतू खर्चा. निकालो."

ती बारा बटणं फालतू नव्हती. मोटारीवर जास्त भार आला की तिचा रिले पडतो, मोटार थांबते. रिले पुन्हा बसवायला त्याचं बारकं बटण दाबावं लागतं, आणि ते आत असतं. मी प्रत्येक रिलेसमोर दारातून एक सळई देणार होतो, म्हणजे बाहेरूनच दाबता यावं. सळया नाहीत म्हणजे दार उघडायला हवं. दार उघडायचं म्हणजे हँडल बंद करायला हवं. आणि हँडल बंद म्हणजे सगळी लाइन बंद. पाइपच्या मशीनमध्ये वितळलेलं प्लास्टिक असतं. लाइन थांबली की ते आतल्या आत दगड होतं, आणि ते काढायला अर्धी पाळी जाते.

हे मला त्याच क्षणी दिसलं. लॉक असलेलं दार, आणि ते रोज उघडायला लागेल असं कारण, अशा दोन गोष्टी एका कपाटात ठेवल्या तर एक दिवस कुणीतरी लॉकच काढून टाकणार, हे तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला कळत नाही असं कुणी म्हणू नये. मी एकदा म्हटलं, "सार, बाद में तकलीफ होगी." तो म्हणाला, "बाद का बाद में देखेंगे." बाहेर बाकड्यावर दुसरा एक पॅनेलवाला बसलेला मला दिसत होता. मी सळया काढल्या. हा माझा वाटा आहे आणि मी तो लपवत नाही.

त्याच बैठकीत त्याने आणखी एक मागितलं. पॅनेल समजणारा एक माणूस त्याला कायमचा हवा होता. मी वायरमनला विचारलं. त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं, मुलगा शिकत होता, वहिनींना पगाराची नोकरी हवी होती, पीएफ, सुट्ट्या. तो म्हणाला, "तूच म्हणतोस तर जातो. तुझंच पॅनेल आहे तिथे, ओळखीचं." मला बरं वाटलं. मॅनेजरलाही बरं वाटलं. शेडवर आम्ही जिलेबी वाटली.

पाच-सहा महिन्यांनी मॅनेजरचा फोन आला. गार पाणी फिरवणाऱ्या पंपाचा रिले सारखा पडत होता, आणि माझा वायरमन प्रत्येक वेळी सगळी लाइन थांबवून, हँडल बंद करून, कुलूप लावून मगच दार उघडत होता.

"सेठजी, तुम्हारा आदमी बहोत सीधा है. उसकू बोलो ना, दरवाजे का लॉक निकाल दे."

"लॉक नै निकलेगा."

"अरे एक छोटा सा लॉक."

"सार, लॉक निकालना है तो पॅनेल वापस भेजो. सळया लगाके देता मैं. पैसा लगेगा."

तो हसला आणि विषय बदलला. मी फोन ठेवला तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. आज वाटतं, दोन माणसं पाठवून एका रविवारी मी त्या सळया फुकट बसवून दिल्या असत्या तर? पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: यानेच काढायला लावल्या, आता यानेच मागून घ्याव्या. हा दुसरा वाटा, हाही माझा.

त्यानंतर वायरमन आठ दिवस गावी गेला. मुलीचं बाळंतपण झालं होतं, बारसं होतं. परत आला तो सोमवारी. त्या आठवड्यात साचा बदलायला लाइन थांबवली होती. मोटारी बंद, मशीन गार. कुणीतरी त्याला सांगितलं की पॅनेलमधून जळका वास येतो. एखादी वायर ढिली असणार. तो पान्हा घेऊन गेला.

दुपारी मला फोन आला. तोवर त्याला नारायणगुड्याच्या एका दवाखान्यात आणलं होतं. मी पोहोचलो तेव्हा वहिनी बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्याचा शर्ट होता. उजव्या हाताची बाही नव्हती. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याच पेटीत झालं हो." एवढंच. आरोप नव्हता त्यात. मी डॉक्टरवर ओरडलो, वॉर्डबॉयवर ओरडलो, रिक्षावाल्याशी भांडलो. ओरडण्यासारखं ज्याच्यावर होतं तो माणूस तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने मला कारखान्याच्या शहरातल्या ऑफिसात बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. चेहरा पाडून म्हणाला, "बहोत बुरा हुआ. आदमी अच्छा है. कंपनी सब देखेगी." मग म्हणाला की सरकारी इन्स्पेक्टर येणार, तो पॅनेलबद्दल विचारणार, तर पॅनेल बनवणाऱ्याचं एक पत्र फाइलला असलेलं बरं. त्याने एक कच्चा मसुदा पुढे सरकवला.

त्यात लिहिलं होतं की पॅनेल ठरल्याप्रमाणे मिळालं. बस, एवढंच. मी लगेच सावध झालो. मला वाटलं, हा खापर माझ्यावर फोडणार. उद्या म्हणेल, पॅनेलला लॉकच नव्हतं, किंवा खराब होतं. तीस वर्षांत कमावलेलं नाव एका दुपारी जाईल. मी म्हटलं, "ऐसा नै चलेगा. लिखो, दरवाजे का लॉक लगा हुआ था."

"हौ, लिखते."

"लिखो, तुम्हारे सामने चेक करके दिया."

"लिखते."

"लिखो, बाद में किसीने छेडछाड करी तो उसकी जिम्मेदारी मेरी नै."

"बिल्कुल सही बात, सेठजी. लिखते." त्याने स्वतःहून टायपिस्टला सांगितलं की लॉक 'उत्तम स्थितीत' होतं असंही घाल.

मी सही केली, शिक्का मारला. जिना उतरताना माझी छाती फुगली होती. त्याने दिलेल्या कागदावर मी माझी तीन वाक्यं घुसवली होती.

माझ्या धंद्याचा पहिला नियम मी पोरासोरांना सांगत आलोय: समोरचा एका झटक्यात हो म्हणाला की समजावं, आपण बुडालो. साधं लोखंडी सामान घ्यायला अफझलगंजच्या बाजारात गेलो तरी दुकानदार पहिल्याच दराला मान डोलवतो तेव्हा मी पिशवी उचलून बाहेर पडतो. आणि त्या दिवशी तीन वेळा "लिखते" ऐकूनही मला काही कळलं नाही. मी फक्त माझं नाव वाचवत होतो. दवाखान्यात पडलेल्या माणसाचा विचार त्या अर्ध्या तासात माझ्या मनात एकदाही आला नाही, हे मला आज लिहितानाही गिळता येत नाही.

चार दिवसांनी तो नीट बोलायला लागला. हाताचा अंगठा आणि दोन बोटं काढली होती, बाकीचा पंजा पांढऱ्या गुंडाळीत. मी स्टूल ओढून बसलो.

"काय झालं ते सांग."

"लाइन बंदच होती. मी हँडल आडवं केलं. कुलूप घातलं. किल्ली बघ, अजून पॅन्टच्या खिशात असेल."

"दार?"

"उघडलं. दांडा जागेवर होता. हँडलबरोबर फिरलेला. मी बघितलं ना. सगळं बरोबर होतं. मग स्विचच्या खालच्या बाजूची वायर ढिली दिसली, तिला पान्हा लावला. आणि मग... मग उजेड."

"दारावरचे दिवे?"

"ते बाहेरून येणाऱ्या विजेवरचे, स्विचच्या आधीचे. स्विच बंद असला तरी जळतात. तूच बसवलेत."

मी विचारू नये ते विचारलं. "टेस्टर?"

तो छताकडे बघत म्हणाला, "तुझं पॅनेल होतं ना."

तो चिडून म्हणाला नाही. चिडला असता तर मी परत चिडलो असतो आणि सुटलो असतो. मी तिथेच, वहिनींच्या देखत, त्याला सांगितलं की तो टेस्टर तुझ्या हातातून मी काढून घेतला, चूक माझी. वहिनींनी उशीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "हे काल कारखान्यातून आणून दिलं. इंग्रजीत आहे. मुलगा म्हणतो नोटीस आहे. वाचा ना भाऊजी."

मी वाचलं. पॅनेल पुरवणाऱ्याच्या पत्रानुसार दाराचं लॉक उत्तम स्थितीत होतं. पॅनेलवर काम करणारे तुम्ही एकटेच. म्हणजे लॉक निकामी करून चालू वीज असताना दार तुम्हीच उघडलं. नोकरीवरून का काढू नये याचं उत्तर सात दिवसांत द्यावं.

माझी तीनही वाक्यं त्यात होती. घासाघीस करून मिळवलेली.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, माझ्या पत्रासकट. तो म्हणाला, "सेठ, तुला सही करायच्या आधी इकडे एक फेरी मारता आली असती." आणि तोंड फिरवून झोपला.

त्याच दुपारी मी कारखान्यावर गेलो. गेटवर अडवलं. मी म्हटलं, पॅनेलच्या वॉरंटीसाठी आलोय, आणि आत घुसलो. पॅनेलच्या आत काजळी पुसलेली होती, नवा स्विच, नव्या वायरी. मी दांडा हाताने चाचपला. तो माझा नव्हता. माझ्या प्रत्येक दांड्याच्या अंगावर पॅनेलचा नंबर पंचाने ठोकलेला असतो आणि दोन्ही टोकांच्या कडा कानस मारून मोडलेल्या असतात, वर्षानुवर्षं मी ते स्वतः करतो. हा कोरा होता आणि कडा हाताला लागत होत्या.

आता मला कळलं. वायरमन म्हणतो दांडा जागेवर होता आणि हँडलबरोबर फिरला. आणि स्विच मात्र चालूच राहिला. हे एकाच प्रकारे होतं. दांड्याचं स्विचमधलं चौकोनी टोक कुणीतरी घासून गोल केलं असेल तर दांडा त्या चौकोनी भोकात नुसता गरगर फिरतो आणि स्विच ढिम्म हलत नाही. लाइन चालूच राहते आणि दारही उघडतं, मॅनेजरला हवं होतं तसं. बाहेरून बघणाऱ्याला हँडल फिरताना दिसतं, बंद केल्यावरच दार उघडतं, सगळं लॉक जागच्या जागी. तपासणीला आलेल्या माणसालाही शंका येणार नाही. लॉक सरळ काढून टाकलं असतं तर वायरमनला दार उघडताच दिसलं असतं, तो सावध झाला असता. हे लॉक काढण्यापेक्षा वाईट होतं. हे लॉक खोटं बोलत होतं.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. "मेरा दांडा किधर है?"

"कौनसा दांडा, सेठजी? बैठो, पानी पियो."

"टोक घिसा हुआ दांडा. किधर है?"

"कैकू गरम होरे? तुमीच लिखके दिये ना, लॉक अच्छा था." त्याने फाइलवर हात ठेवला. त्याच्या बोटात अंगठी होती, ती फाइलवर टकटक करत होता. "तुम्हारा नाम साफ है. अगले प्लांट के छे पॅनेल का काम है. खराब मत करो."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सिक्युरिटीने मला गेटपर्यंत सोडलं. गेटबाहेर चहाच्या टपरीवर कारखान्याचा एक फिटर माझ्या मागोमाग आला, लेथवर काम करणारा. इकडेतिकडे बघत म्हणाला, "सेठ, मैं घिसा. मेरेकू साब बोले. भय्या गाँव गये थे तब. मैं पूछा, भय्याकू बताना क्या? साब बोले, जरूरत नै, वो आते ही बंद करवादेगा." मग डोळे पुसत म्हणाला, "मेरा नाम नक्को लेव." मी घेतलं नाही. पुढे कारखान्याने चौकशी बसवली, तिच्यात मी एवढंच म्हटलं की आतल्याच माणसाने मला सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण? मी गप्प बसलो. आता त्याने तिथली नोकरी सोडली आहे आणि शहरही, म्हणून इथे एवढं तरी लिहितो.

मी पहिलं पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र रजिस्टरने पाठवलं. त्यात दांड्याबद्दल सगळं लिहिलं, कोरा दांडा, काजळी, कुलूप, किल्ली. पोच आली, उत्तर आलं नाही. इन्स्पेक्टरच्या फाइलमध्ये पहिलंच पत्र आहे. कुलूप सापडलं नाही म्हणतात. त्याच्या खिशातली किल्ली वहिनींनी नेऊन दाखवली, तर इन्स्पेक्टरसाहेबाने विचारलं, "कशाची किल्ली आहे ही, बाई?"

चौकशीचा निकाल लागला. कामगाराने स्वतः लॉक निकामी केलं, असं ठरलं. त्याची नोकरी गेली. पण त्याला लागून राहिलं ते नोकरीचं नाही. शेडवर येऊन बसतो कधी कधी, डाव्या हाताने कप धरतो. परवा एक ओळखीचा पॅनेलवाला आला होता, तो सहज म्हणाला, "मामा, तुमच्यासारख्या जुन्या माणसाने लॉक काढून हात घालावा?" आमच्या धंद्यात बातमी अशीच फिरते. वायरमन उठून बाहेर जाऊन उभा राहिला. पस्तीस वर्षं ज्या माणसाने कधी एक लग ढिला ठेवला नाही त्याच्या नावावर हे लागलं आहे, आणि ते त्याच्या मुलाला ऐकायला मिळणार, जावयाला ऐकायला मिळणार.

माझ्या शेडमध्ये आता पंजा ठेवायची रीत बंद आहे. दारावर सळया नसतील तर मी ऑर्डर घेत नाही, त्यात तीन गेल्या. ते माझं मी भोगतो. माझ्या वाट्याचं मी त्याच्यासमोर कबूल केलं आहे, आणि हा मजकूर छापला तर हजार माणसांसमोर केल्यासारखं होईल.

पण मॅनेजरसाहेब, तुमचा वाटा कुठे आहे? हे मराठी आहे, तुम्हाला वाचता येणार नाही, पण तुमच्या ऑफिसात वाचणारे आहेत, ते तुम्हाला सांगतील. तुम्ही दांडा घासायला लावलात, आणि आठ दिवसांनी परत येणाऱ्या माणसाला ते सांगू नका म्हणालात. का? तो नाही म्हणेल हे तुम्हाला माहीत होतं, म्हणजे ते चूक आहे हेही माहीत होतं. मग ती किल्ली कशाची हे त्या इन्स्पेक्टरला कोण सांगणार? चौकशीच्या कागदावर त्याच्या नावापुढे जे लिहिलं आहे ते कोण खोडणार? मला बोलावू नका, मला चहा पाजू नका. काचीगुड्याला त्याच्या घरी या, त्याच्यासमोर बसा, आणि कुणी घासायला सांगितलं ते त्याच्या तोंडावर सांगा. तो सांगेल तेव्हा या, तो म्हणेल तितका वेळ बसा. उत्तर मला नाही, त्याला द्यायचं आहे. द्या.